झिलई उतरवताना

मोटरसायकलच्या कार्बन फायबरच्या भागांवरची चकाकी घरी उतरवावी की नाही, यावर माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिकेने मत देण्याचं खरं तर काही कारण नाही. पण मत आहे, आणि ते दिल्याशिवाय मला राहवत नाही हे माझे नेहमीचे वाचक जाणतात. (नातेवाईक तर फारच जाणतात!) तेव्हा ते आधीच सांगून टाकते. घरी उतरवावी, जरूर उतरवावी. फक्त उतरवायची ती चकाकी. तिच्या खालचा थर जागेवर राहिला पाहिजे. आणि वरून नवं लॅकर मारायचं असेल, तर ते काम मात्र घरी बिलकूल करू नये.

आता बाईंना हे कुठून सुचलं, असं कुणी विचारील. तर आमचा नातू पुण्यात नोकरी करतो आणि महिन्यातून एकदोनदा साताऱ्याला येतो. येतो तो मोटरसायकलवरून, केटीएमची ३९० ड्यूक. नाव ऑस्ट्रियाचं असलं तरी ही गाडी तयार होते आपल्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात. तिचे प्लॅस्टिकचे काही भाग काढून त्याने कार्बन फायबरचे बसवले आहेत : पुढचा मडगार्ड, टाकीवरचं कव्हर आणि साखळीवरचं झाकण. भाग आले तेव्हा आरशासारखे चमकत होते. त्याला हवे होते मंद, पाटीसारखे. "आजी, ऊन पडलं की टाकीवरून सगळी तिरीप डोळ्यात येते," हे त्याचं कारण. खरं कारण फॅशन असणार, पण दिलेलं कारणही खोटं नव्हतं. मग मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी बादली, साबण आणि वॉटर पेपर घेऊन स्वारी बसली आणि त्याच्या बाबांच्या कपाळाला आठी पडली. "पेंटरकडे टाक ना, दोन दिवसांत करून देईल. घरी कसले उद्योग?"

मी नातवाच्या बाजूने उभी राहिले. आजी म्हणून नाही बरं का, शिक्षिका म्हणून. कारण चकाकी आणि मंदपणा या विषयात माझा अनुभव त्या दोघांपेक्षा जास्त आहे. सत्तरच्या दशकात मी खेड्यातल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा फळा हा लाकडाचा असे आणि दर काही आठवड्यांनी मुलं त्याला कोळशाची पूड आणि पाल्याचा रस चोळून काळा करत. तो इतका मंद काळा व्हायचा की खडूची रेघ कुठूनही दिसावी. पुढे मी मोठ्या शाळेत आले. तिथे एका सुट्टीत कुणीतरी उत्साहाने सगळ्या फळ्यांना तेलरंग फासून ठेवला. काय ते चकचकीत फळे! जून महिन्यात शाळा उघडली आणि उजवीकडच्या रांगेतली पोरं ओरडायला लागली, "बाई, दिसत नाही, बाई, दिसत नाही." खिडकीचं अख्खं प्रतिबिंब फळ्यात. वर खडू घसरायचा तो वेगळाच. शेवटी मी आणि शाळेचे शिपाईमामा, आम्ही दोघांनी पॉलिश पेपर घेऊन दोन फळे घासून काढले. तेव्हापासून चकचकीत पृष्ठभागाबद्दल माझ्या मनात अढी आहे, ती काही जात नाही.

पृष्ठभाग गुळगुळीत असला की त्यावर पडलेला प्रकाश शिस्तीत एकाच दिशेला परततो, आणि त्यावर बारीक बारीक ओरखडे असले की तो चहूकडे विखुरतो. एवढाच सगळा खेळ. म्हणजे 'मॅट' हे काही वेगळं द्रव्य नाही, ते शिस्तीत काढलेले असंख्य ओरखडे आहेत. प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास असते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वॉटर पेपरवर जो १००० आकडा असतो, त्या पेपरवरचा कण साधारण १८ मायक्रॉनचा. २००० नंबरच्या पेपरवरचा १० मायक्रॉनचा. प्रकाशाच्या मानाने हे सगळे नांगरच म्हणायचे! ओरखडा नुसत्या डोळ्याला दिसला नाही तरी प्रकाशाला तो लागतोच, आणि म्हणूनच मंदपणा येतो.

पण ओरखडे काढायचे कशात, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी हा भाग बनतो कसा ते थोडं समजून घ्यावं लागलं. (नातवाने समजावलं, मी वहीत लिहून घेतलं. उलटी गंगा!) कार्बनचा एक तंतू ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, आपला केस त्याच्या दहापट जाड. असे तीन हजार तंतू शेजारी शेजारी घेऊन एक पट्टी होते आणि त्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून कापड. आपल्या जीनच्या कापडावर जशी तिरपी रेघ दिसते तशीच वीण यात बहुतेक वेळा असते. हे कापड साच्यात घालून इपॉक्सी नावाच्या राळेत भिजवतात, ती घट्ट झाली की भाग तयार. त्यावर शेवटी पारदर्शक लॅकर. आपण जी चकाकी पाहतो ती या लॅकरची. कार्बनची नाही.

हे लॅकर कशाला? शोभेला, असं कुणीही म्हणेल. मीही सुरुवातीला तसंच समजत होते. पण ते आहे कल्हईसारखं. माझ्या वयाच्या बायकांना हे लगेच कळेल. पितळेच्या पातेल्याला आतून कल्हई लावायची ती पातेलं चकचकीत दिसावं म्हणून नव्हे. दारावर कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकून कथिलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने सारखं करायचा. ती झिलई काही महिने टिकायची. पुढे घासून घासून आतून पिवळा धातू डोकावायला लागला की माझ्या सासूबाई त्यात ताक नाही ठेवायच्या, चिंच नाही घालायच्या. कळकतं म्हणून. चमक गेली तर चालायचं, कल्हई गेलेली चालायची नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

इथेही तेच. कार्बनच्या तंतूला उन्हाचं काही वाटत नाही, पण त्याला धरून ठेवणाऱ्या इपॉक्सीला उन्हातले अतिनील किरण सोसत नाहीत. ती पिवळी पडते, मग वरून खडूसारखी भुकटी सुटायला लागते. लॅकरमध्ये हे किरण अडवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. म्हणजे चकाकी ही हौस, आणि थर ही गरज. गंमत अशी की ज्यांना खरोखर या धाग्याकडून काम करून घ्यायचं असतं ते त्याची वीण दाखवायच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. बोइंगचं ७८७ विमान २०११ पासून प्रवासी नेतं आहे, त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा अशा संमिश्र पदार्थांचा आहे. विमानतळावर उभं असलेलं पाहा, कुठे दिसते वीण? वरून सरळ रंग दिलेला. आणि मोटरसायकलींच्या जगातला एक माणूस तर मला फारच आवडला. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा जॉन ब्रिटन. त्याला लहानपणापासून लिहिण्या-वाचण्यात अडचण होती, डिस्लेक्सिया म्हणतात ती. (असे विद्यार्थी आमच्याही वर्गात होते आणि आम्ही त्यांना 'ढ' म्हणत होतो, हे आठवून पोटात कालवतं.) या माणसाने मोठ्या कारखान्याशिवाय, मोजक्या सोबत्यांना घेऊन स्वतःच्या वर्कशॉपमध्ये नव्वदच्या दशकात शर्यतीची मोटरसायकल बनवली, चाकंसुद्धा कार्बन फायबरची. आकार ठरवताना तारा वाकवून त्या गरम गोंदाने चिकटवायचा म्हणे. अशा जेमतेम दहा गाड्या झाल्या आणि १९९५ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी कॅन्सरने तो गेला. तर या ब्रिटनने आपल्या त्या गाडीला रंग कोणता दिला? निळा आणि गुलाबी! चांगला भडक गुलाबी. ज्याने स्वतःच्या हाताने ते कापड साच्यात घातलं त्याला ते जगाला दाखवायची निकड वाटली नाही.

असो. मी फार वाहवत गेले. धुण्याच्या दगडाकडे वळू.

सगळ्यात आधी, भाग खरोखर कार्बनचा आहे ना ते पाहावं. बाजारात 'कार्बन' म्हणून मिळणारं पुष्कळसं प्लॅस्टिकवर छापलेलं नाहीतर वरून चिकटवलेलं असतं. खऱ्या विणीवर प्रकाशात भाग तिरका करत गेलं की एक चौकोन उजळतो तेव्हा शेजारचा काळवंडतो आणि लगेच उलट होतं, पैठणीच्या पदरासारखं. छापील नक्षी आहे तशीच राहते. छापील भागाला पेपर लावला तर नक्षीच पुसली जाईल.

भाग गाडीवरून काढूनच घासायचा. हे मला वाटलं होतं त्याहून महत्त्वाचं निघालं. कार्बन विजेचा वाहक आहे. चुकून तंतूंपर्यंत घासलं गेलं आणि ती काळी पूड वायरींच्या जोडांत शिरली तर नसता ताप. कडांना आधी चिकटपट्टी लावायची, कारण सपाट भागापेक्षा कड आणि उंचवटा नेहमी लवकर झिजतो. हे पोळपाट-लाटण्यापासून सगळ्यालाच लागू आहे. मग पेपर पाण्यात भिजवून मऊ करायचा, पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, पेपर स्पंजच्या तुकड्याभोवती गुंडाळायचा आणि हलक्या हाताने घासायला लागायचं. नातवाने सुरुवात १००० नंबरने केली, शेवट १५०० ने. ८०० च्या खाली जाऊ नये, असं माझं त्याला बघून झालेलं मत. शेवटी पेंटर लोक वापरतात ती करड्या रंगाची स्कॉच-ब्राइटची चकती हलकेच फिरवली की सगळीकडे एकसारखं दिसतं. आमच्या स्वयंपाकघरातली हिरवी घासणी न्यायला आला होता, ती मी दिली नाही. एक तर ती जास्त खरखरीत असते, आणि दुसरं म्हणजे ती माझी आहे.

यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली म्हणजे ओलं असताना काही कळत नाही. घासून घासून हात दुखले आणि पाणी ओतलं तर भाग पुन्हा आरशासारखा! कारण पाणी ओरखड्यांत भरतं आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पुसायचं, वाळू द्यायचं, उजेडात तिरकं धरायचं, आणि मगच दिसतं की इथे झालंय, तिथे चकाकीचे ठिपके राहिलेत. दर पाच मिनिटांनी ही परीक्षा. घाईच्या माणसाला हे काम जमायचं नाही. मोबाईलवर दर मिनिटाला बोट फिरवणारा आमचा मुलगा (म्हणजे नातू) तीन तास मुकाट्याने पुसत, वाळवत, बघत बसला होता. मी ज्वारी निवडता निवडता पाहत होते.

आणि दुसरी म्हणजे पाण्याचा रंग. लॅकर घासलं जातं तेव्हा पाणी दुधाळ होतं, ताकाच्या निवळीसारखं. ते जर करडं, काळपट दिसायला लागलं तर समजायचं की कल्हई संपली, आपण तंतूंना हात घातला. तिथे थांबायचं. त्याच क्षणी. गाड्यांच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. वहीच्या पानाच्या जाडीच्या निम्मा. त्यातला वरचा थोडासा घ्यायचा आणि बाकीचा उन्हासाठी ठेवायचा. केवढंसं अंतर आहे ते! आणि ते मोजायला तुमच्याकडे काय आहे? बादलीतल्या पाण्याचा रंग. मला तर ही मोजपट्टी फार सुंदर वाटली. घाईने घासणारा पेंटरचा पोरगा हे पाणी बघेलच असं नाही, त्याला संध्याकाळपर्यंत अजून चार भाग उरकायचे असतात. ज्याची वस्तू आहे तोच बघेल. घरी करण्याच्या बाजूने माझा पहिला मुद्दा हा.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा आहे. तीनपैकी टाकीचं कव्हर आणि साखळीचं झाकण नवीन होतं, पण पुढचा मडगार्ड त्याने एका अनोळखी माणसाकडून वापरलेला घेतला होता. फोटोत काय, हातात घेऊनही काय, नुसता लखलखत होता. १००० चा पेपर फिरून झाला, पुसला, वाळवला, तिरका धरला तर स्क्रूच्या भोकापासून वर गेलेली केसासारखी एक रेघ. पोर म्हणालं, ओरखडा असेल. चष्मा लावून मी पाहिली. ओरखडा विणीच्या वरून जातो. ही वीण तोडत गेली होती. चकाकीत ती दिसत नव्हती कारण तिथे नेहमी कशाचं तरी प्रतिबिंब असायचं. मग त्याने मागची बाजू पाहिली, तिथे तेवढ्याच जागी ताजा काळा रंग होता.

आपण बाजारात माठ घेतो तेव्हा काय करतो? बोटाच्या पेराने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर ठेवून द्यायचा. मी त्याला म्हटलं, वाजव. एक रुपयाच्या नाण्याने तो कडेकडेने वाजवत गेला. टक टक टक... आणि भोकाजवळ बद्द. नंतर त्याने वाचून सांगितलं की कार्बनच्या भागातले थर आतून सुटलेत का हे तपासायची नाण्याने ठोकून पाहण्याची ही रीतच आहे. धातूला मार बसला की पोचा येतो, दिसतो. याला पोचा येत नाही. आत थर सुटतात आणि वरून सगळं आलबेल.

पुढचा मडगार्ड पुढच्या चाकाच्या चार बोटं वर असतो. साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीच्या उतारावर त्याचा तुकडा सुटून चाकात अडकला असता तर काय झालं असतं, हे मी इथे लिहीत नाही. त्याच्या आईने हे वाचायचं आहे. विकणाऱ्याला फोन केला तर "विकलं ते विकलं, तेव्हा बघून घ्यायचं होतं" असं उत्तर मिळालं.

या प्रकाराला मी लबाडी म्हणते, आणि साधी लबाडी नाही म्हणत. पडलेल्या गाडीचा भाग घासून, चमकवून विकणं आणि न सांगणं, यात दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. भाग नीट सांधून, सांगून, कमी किमतीत विकला तर कुणाची ना नाही. पण पॉलिश ही गोष्ट पाहिलेलं लपवायला वापरायची नसते. हे चकाकी आणणाऱ्यांना जसं लागू, तसं मंद करणाऱ्यांनाही. घासल्याने अपघाताचे ओरखडेही नाहीसे होतात, आणि पुढच्या घेणाऱ्याला ते कळायचा मार्ग बंद होतो. म्हणून ज्यांच्यावर माणसाचा भार असतो ते भाग, म्हणजे चाकं, हँडल, पाय ठेवायच्या दांड्या, त्यांना घरी पेपर लावूच नये असं मला वाटतं. मडगार्ड, कव्हरं, झाकणं यांपुरतंच हे अंगणातलं काम. आणि तेही आधी वाजवून.

आता लॅकरबद्दल, कारण इथे मी नातवाच्या बाजूने नाही, विरुद्ध आहे. काम छान जमलं की माणसाला पुढचं सुचतं. टाकीच्या कव्हरच्या एका वळणावर थर पातळ झालाय अशी त्याला शंका आली. तेव्हा वरून मॅट लॅकर मारून घेऊ, दोन डब्यांचं मिश्रण मिळतं, भाड्याने कंप्रेसर मिळतो, गच्चीवर करू, असा बेत शिजायला लागला.

त्या दिवशी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला घरी बोलावलं. वर्गात शेवटच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर ट्रकची चित्रं काढायचा. आता त्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, चार मुलं हाताखाली आहेत. आला, पाया पडला, चहा घेतला आणि जिना चढून गच्चीवर येताना दोनदा थांबला. पन्नाशीसुद्धा उलटलेली नाही. "बाई, वीस वर्षं तोंडाला रुमाल बांधून मारलं हो," म्हणाला. आता त्याला फवारणीच्या खोलीत जायला डॉक्टरांनी बंदी केली आहे. शेजारच्या खोलीत कुणी हार्डनरचा डबा उघडला तरी छाती आवळते. त्याच्या मुलांना त्याने बाहेरून हवा पुरवणारे टोप आणून दिलेत. ते घातल्याशिवाय पिस्तुलाला हात लावू देत नाही.

त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. आमच्या पिढीला हा शब्द १९८४ च्या भोपाळमुळे ठाऊक आहे. हा तो वायू नव्हे, त्याच कुळातला दुसरा आहे आणि तसा सहज उडून जाणारा नाही. पण फवारला की त्याचे तुषार श्वासात जातात. एकदा का शरीराने त्याच्याशी वैर धरलं की पुढे किंचितशा संपर्कानेही दमा उसळतो. घासताना लावायचा एन-९५ मास्क धुळीला पुरतो, याला पुरत नाही. गच्ची मोकळी आहे म्हणून चालेल, असं नातवाचं म्हणणं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घातलेले असतात आणि खाली दोन लहान मुलं खेळतात, असं माझं.

मग हार्डनर नसलेला साधा स्प्रेचा डबा? तो पेट्रोलला टिकत नाही. टाकीच्या तोंडाशी चार थेंब सांडले की चिकट डाग. म्हणजे ज्या जागी हवा तिथेच निरुपयोगी. शिवाय आषाढ-श्रावणातल्या ओल्या हवेत साधं लॅकर दुधासारखं पांढुरकं पडतं, हे आमच्या सुताराला विचारलंत तरी सांगेल.

तेव्हा वाटणी अशी झाली : घासायचं अंगणात, फवारायचं त्याच्या गॅरेजमध्ये. आमच्या चिरंजीवांचा चेहरा विजयी झाला, "मी म्हणत नव्हतो, पेंटरकडे द्या!" मी म्हटलं, अरे, तू म्हणत होतास ते कष्ट वाचवायला. आम्ही देतोय ते छाती वाचवायला, आणि तीसुद्धा ज्याच्याकडे टोप आहे त्याच्याकडे. पेंटर निवडताना किंमत विचारण्याआधी हे विचारावं की तुमची मुलं तोंडाला काय बांधतात? रुमाल, असं उत्तर आलं तर पुढच्या गॅरेजकडे जावं. स्वस्तात होणाऱ्या कामातला फरक कुणीतरी आपल्या फुफ्फुसांतून भरत असतो, आणि ते पोर कधीतरी कुठल्यातरी बाईंच्या वर्गात बसलेलं असतं.

आता टाकीचं कव्हर गॅरेजमधून परत आलंय. सुरेख झालंय, शाळेच्या जुन्या फळ्यासारखं. त्यावर मेण, पॉलिश काही लावायचं नाही, कारण ते लावलं की डाग डाग चमकायला लागतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. साखळीच्या झाकणाला लॅकर द्यावं लागलं नाही, घासलेलंच छान आहे. आणि ते कधी नकोसं झालंच तर २०००, ३००० चे पेपर आणि रबिंग कंपाउंड लावून पुन्हा चमकवता येतं, थर शिल्लक असेल तोवर. गुडघा जिथे लागतो तिथे वर्षभरात चकाकी आपोआप परत येईल, असं विद्यार्थी म्हणाला. मडगार्ड मूळचा प्लॅस्टिकचा परत बसवलाय. तो तडा गेलेला आम्ही टाकला नाही, नातवाने त्यावर पांढऱ्या रंगाने मोठी फुली मारून पडवीत खिळ्याला अडकवून ठेवला आहे. परवा त्याचे दोन मित्र आले होते, त्यांच्या हातात नाणं देऊन तो वाजवायला लावत होता.